विटेची ऊब

आमच्या गावाबाहेर, नदी जिथे वळण घेते तिथे, एक वीटभट्टी होती. दिवाळीनंतर माती खणायला सुरुवात होई. ती भिजवून, तूस नि राख मिसळून, पायांनी तुडवून लोण्यासारखी केली जाई, आणि मग साच्यांतून थापलेल्या कच्च्या विटांच्या ओळी उन्हात वाळत पडत, पाटीवर कुणी एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवावे तशा. भट्टी लागे, धूर निघे, धूर विरे, आणि वैशाखाच्या अखेरीस विटा कुणाच्या ना कुणाच्या घरासाठी निघून जात. मागे उरे तो खड्डा. विटांचा हिशेब होई, मजुरीचा होई, कोळशाचा होई. माती जिथून निघाली त्या पोकळीची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसे. मग मृगाचा पाऊस येई, आणि एका रात्रीत त्या पोकळीला कंठ फुटे. इतके दिवस हे बेडूक होते कुठे, असे मी अंथरुणात पडल्या पडल्या आईला विचारी, आणि 'मातीत' एवढेच उत्तर देऊन ती कुशीवर वळे. सकाळी काठाशी जावे तर हळदीसारखे पिवळे झालेले नर पाण्यावर तरंगताना दिसत, गळ्याशी निळे फुगे फुगवत. पुढे त्या खड्ड्यात शहरातला राडारोडा येऊन पडला, भराव झाला, भरावावर इमारत उभी राहिली. माझ्या ओळखीची माणसे तिथे सुखाने राहतात, आणि त्या इमारतीविषयी माझी काही तक्रार नाही; पण मृग लागला की माझा कान अजून त्या दिशेला लागतो, आणि तिकडून काहीच येत नाही.

हे सारे पुन्हा आठवले ते फार दूर, सिडनीत, अशाच एका उघड्या खड्ड्याच्या काठावर. माझी भाची त्या शहरात राहते, आणि जानेवारीतल्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका सकाळी ती मला होमबुश बे भागातल्या ऑलिम्पिक पार्कमध्ये घेऊन गेली. क्रीडागारांच्या अवाढव्य छपरांपासून थोडे चालून गेले की जमीन एकाएकी संपते आणि समोर विटांच्या मातीची जुनी खाण पसरलेली दिसते: तांबूस-करड्या, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या भिंती, तळाशी हिरवे निश्चल पाणी, आणि त्या साऱ्यावर किडकिडीत खांबांनी उचलून धरलेले पोलादी वर्तुळ. खाणीच्या तळापासून साडेअठरा मीटर उंचीवर, साडेपाचशे मीटर परिघाची ही वाट 2005 साली बांधून झाली. वाटेवरून चालायचे, खाली पाहायचे, आणि जिथून निघालो तिथे परत यायचे. खाली उतरण्याची पाहुण्यांना मुभा नाही. अर्धे वर्तुळ चालून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की आपण प्रदक्षिणा घालतो आहोत. गाभारा रिकामा दिसत होता. मूर्ती असेल तर ती वेताएवढ्या लव्हाळ्यांत कुठेतरी, आपल्या डोळ्यांना न दिसणारी, आपल्या येण्याजाण्याशी काही देणेघेणे नसलेली.

तिथे राहतो तो बेडूक इंग्रजीत हिरव्या-सोनेरी घंटा-बेडकाच्या नावाने ओळखला जातो. 1829 साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेसोंने त्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यात सोन्यासाठी असलेला लॅटिन शब्द घातला, आणि वर्गीकरणाच्या उलथापालथीत आडनावे बदलत गेली तरी ते सोने त्या नावातून गेलेले नाही. खाणीची कथा त्यामानाने अलीकडची. न्यू साउथ वेल्स राज्याने 1911 मध्ये इथे सरकारी वीटकारखाना सुरू केला. मधल्या काळात तो काही वर्षे बंदही होता. 1988 मध्ये कायमचा थांबला. तोवर इथल्या मातीतून तीन अब्ज विटा निघाल्या असे सांगतात. म्हणजे सिडनीची किती घरे, किती शाळा, किती चुली या एका पोकळीतून वर आल्या असतील, याचा अंदाज करता येतो, मोजदाद करवत नाही. 1985 च्या सुमारास, जगाचा अंत होऊन गेल्यानंतरच्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या 'मॅड मॅक्स' मालिकेतल्या एका चित्रपटाचे प्रसंग इथे चित्रित झाले. ज्यांना उजाड जग दाखवायचे होते त्यांना ही जागा सापडली, यात नवल नाही. यंत्रे बंद पडल्यावर काही वर्षे पाऊस पडत राहिला, डबकी साचत राहिली, आणि 1992 मध्ये त्या डबक्यांत हा बेडूक आढळला. त्याच्या मूळ प्रदेशातल्या सुमारे नव्वद टक्के जागांवरून तोवर तो नाहीसा झालेला होता. पुढल्याच वर्षी 2000 सालच्या ऑलिम्पिकचा मान सिडनीला मिळाला. आराखड्यात या खाणीच्या जागी टेनिसची क्रीडांगणे दाखवली होती.

ती क्रीडांगणे दुसरीकडे नेण्यात आली. वाक्य एवढेच आहे, आणि ते वाचताना मी दर वेळी थोडी थांबते. ज्यांनी एखाद्या बांधकामाचा नकाशा कधी हाताळला असेल त्यांना ठाऊक असते की कागदावरची एक रेघ हलवण्यासाठी किती बैठका, किती रुसवे, किती पैसा आणि किती रात्री लागतात. आणि ऑलिम्पिकच्या कामाला तर तारीख ठरलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही. सगळे जग ज्या दिवशी दाराशी येऊन उभे राहणार त्या दिवसाकडे धावत असलेल्या शहराने तळहातात मावणाऱ्या एका प्राण्यासाठी आपली रेघ हलवली. त्यामागे कायदा होता, पर्यावरणस्नेही खेळांचे दिलेले वचन होते, जगाच्या नजरेचा धाक असेल, थोडा अभिमानही असेल. हेतू निर्मळ होते की मिश्र, हे तपासण्यात मला रस नाही. माणसाच्या हातून घडलेल्या चांगल्या गोष्टी बहुधा मिश्र हेतूंच्याच मातीतून थापलेल्या असतात. भाजून निघाल्यावर त्यांच्यावर भार ठेवता येतो की नाही, एवढेच पाहायचे.

मातीचा विषय निघाला आहे तर तिच्या वयाबद्दलही बोलायला हवे. सिडनीच्या विटा ज्या खडकापासून झाल्या तो शेल म्हणजे वीसेक कोटी वर्षांहून जुना, थरांवर थर बसून घट्ट झालेला चिखल. एका पुरातन गोड्या पाण्याच्या तळाशी तो साचत गेला तेव्हा सस्तन प्राणी पृथ्वीवर अजून यायचे होते आणि फुलेही उमलायची होती. 1910 मध्ये याच शहरातल्या सेंट पीटर्स भागातल्या विटांच्या खाणीत माती काढणाऱ्या मजुरांना दगडात एक सांगाडा दिसला. तो एका उभयचराचा होता, बेडकाच्या फार फार दूरच्या कुळातला, सुमारे अडीच मीटर लांबीचा, रुंद सपाट डोक्याचा, मगरीसारखा पाण्यात दबा धरून बसणारा. सिडनीचे थोर भूशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड यांचे नाव त्याला पुढे मिळाले, आणि वॉटसन यांनी केलेले त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध व्हायला 1958 साल उजाडले. आज तो लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. ही हकिकत वाचल्यापासून वीट हातात घेताना माझा हात जरा बिचकतो. ज्या चिखलात उभयचरांनी राज्य केले त्याच चिखलाला आपण साच्यात घातले, भाजले, त्याची शहरे रचली. आणि उपसून झाल्यावर जो खळगा उरला त्यात पाणी येताच, जणू आपली जुनी जमीन आपल्या नावावर चढवून घ्यायला यावे तसा, एक इवलासा उभयचर येऊन बसला. यात कार्यकारण नाही, हे मला कळते. पण काळ जेव्हा इतका लांब असतो तेव्हा कार्यकारणाचा धागा हातातून सुटतो आणि फक्त पुनरागमनाची लय ऐकू येते.

व्याकरणात मंडूकप्लुती नावाची एक सुंदर कल्पना आहे. पाणिनीच्या सूत्रांतला एखादा शब्द पुढच्या सूत्रांत सलग वाहत जातो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. पण कधीकधी तो मधली सूत्रे गाळून एकदम पलीकडच्या सूत्रात जाऊन बसतो, बेडकाने उडी मारावी तसा. मधल्या सूत्रांत तो दिसत नाही, म्हणून तो संपला असे समजणारा विद्यार्थी पुढे अर्थ लावताना अडखळतो. या बेडकाचे जगणे असेच प्लुतीचे आहे. एका डबक्यात तो वर्षानुवर्षे मुक्काम करत नाही. पूर आला, जमीन खचली, नवे पाणी साचले की तिकडे झेपावतो, विणतो, आणि जुने तळे गवताने, माशांनी, सावलीने भरू लागले की ते सोडतो. त्याच्यासाठी मधल्या सूत्रांइतकेच पलीकडचे सूत्र आवश्यक असते. आपण शहर वाढवताना मधली सूत्रे तर पुसतोच, पण त्याने जिथे उतरायचे ती पलीकडची ओळही पुसतो, आणि मग उडी हवेतच राहते.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले, वसिष्ठांच्या नावे असलेले मंडूकसूक्त मला फार प्रिय आहे. वर्षभर व्रतस्थ मौनात पडून राहिलेले बेडूक, कोरड्या तळ्यात सुकलेल्या पखालीसारखी झालेली त्यांची कातडी, वरून पाणी पडताच उठलेला गजर, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याने गुरूमागून शिष्याने म्हणावे तसे म्हणणे: इतक्या जवळून बेडूक पाहिलेला कवी त्या काळी होता याचेच मला अप्रूप वाटते. काही पाश्चात्त्य पंडितांना त्यात पुरोहितांची थट्टा दिसली. इतरांनी तो पाऊस आणण्याचा मंत्र मानला. मला थट्टेचा अर्थ कधीच पटला नाही. सूक्ताच्या शेवटी कवी बेडकांकडे गायी आणि दीर्घायुष्य मागतो, आणि ज्याची टवाळी करायची त्याच्यापुढे कुणी पदर पसरत नाही. ज्याच्या कंठातून पाऊस बोलतो त्याला देणाऱ्यांच्या पंक्तीत बसवण्याइतके शहाणपण त्या कवीजवळ होते. बारा मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदाच्या नावात बेडूक का आहे, याविषयी मतमतांतरे आहेत. पण ओंकाराच्या तीन मात्रांनंतर चौथी निःशब्द ठेवणाऱ्या त्या उपनिषदाशी हा वर्षभर गप्प राहणारा प्राणी मनात आपोआप जोडला जातो. सिडनीच्या त्या वर्तुळावर मी उभी होते तेव्हा खालून एकही आवाज येत नव्हता. ती शांतता व्रताची आहे की अंताची, हे वरून ओळखण्याचा काही मार्ग नव्हता. माझ्या गावच्या खड्ड्याची शांतताही पहिली दोनतीन वर्षे मला व्रताचीच वाटली होती.

बेडूक दिसला तो चार दिवसांनी, पार्कच्या दुसऱ्या टोकाच्या पाणथळीत. भाचीचा मुलगा पुढे धावत होता आणि अचानक थबकला. 'आजी, हलू नकोस,' तो इतक्या हळू म्हणाला की मला ते ओठांवरूनच कळले. पाणकणसाच्या वाकलेल्या पात्यावर, अंगावर ऊन घेत, तो बसला होता. बेडूक म्हटले की आपल्या मनात रात्र, ओल, सावली येते. हा भर दुपारी सूर्याला पाठ देऊन बसला होता, एखाद्या म्हाताऱ्याने ओसरीवर कोवळे ऊन खावे तसा निवांत. हिरवा रंग भाताच्या रोपाचा, त्यावर वितळलेल्या पितळेचे ओघळ. डोळ्यामागून कुशीपर्यंत जाणारी फिकट सोनेरी कड, जणू काठ शिवला आहे. सोन्याच्या बुबुळात आडवी काळी रेघ. त्याने पाय जरा सरकवला तेव्हा मांडीच्या आतला भाग क्षणभर दिसला, आणि तिथे मोरकंठी निळा रंग होता. हा रंग कुणासाठी? जो बसल्या जागी झाकलेला राहतो, फक्त उडीच्या क्षणी उघडतो, त्या रंगाचे प्रयोजन शास्त्र सांगेलही; मला पैठणीच्या पदराची आतली बाजू आठवली, जी विणकर बाहेरच्या इतक्याच निगुतीने पूर्ण करतो. गळ्याखालची त्वचा एकसारखी धडधडत होती. तेवढीच एक हालचाल त्या साऱ्या दुपारीत होती.

आणि त्या त्वचेतच त्याचे मरण दडलेले आहे. बेडूक कातडीने पाणी पितो, कातडीने श्वासही घेतो. जगाशी त्याचे सारे देणेघेणे त्या ओल्या, उघड्या पडद्यातून चालते. 1998 मध्ये शास्त्रज्ञांना कळले की जगभरचे बेडूक ज्या साथीने मरत होते तिच्या मुळाशी एक सूक्ष्म बुरशी आहे. ती पाण्यातून पोहत येते, कातडीत घर करते, तिथला क्षारांचा तोल बिघडवते, आणि अखेर हृदय थांबते. प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती खंडाखंडांत पसरली, म्हणजे तिच्या पायाला आमचीच चाके होती. त्याआधी सिडनीच्या तळ्यांत एक वेगळे संकट आले होते, आणि ते तर सदिच्छेने आले होते. आपल्याकडे हौदांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका गप्पी मासे सोडते, त्यांचाच एक भाईबंद गॅम्बुसिया. 1920 च्या दशकात तो डासांवर उपाय म्हणून सिडनीत आणला गेला. त्याने डास किती खाल्ले याचा वाद चालू आहे, पण बेडकांची अंडी आणि पिल्ले त्याने निःसंशय खाल्ली. एके काळी हा बेडूक इतका सर्रास होता की प्रयोगशाळांत चिरफाडीसाठी आणि सापांच्या खाद्यासाठी त्याला टोपल्यांनी पकडत. मुबलकता ही किती फसवी गोष्ट आहे! चिमण्या, गिधाडे, माळढोक: ज्यांना मोजण्याची गरज कधी वाटली नाही ते आपल्या नकळत मोजण्याइतके उरतात. आणखी एक वळण असे की, एकोणिसाव्या शतकात काही वसाहतवाल्यांनी हे बेडूक समुद्रापार न्यूझीलंडला नेऊन सोडले होते, आणि तिथे, परक्या मातीत, ते आजही नांदत आहेत. माहेरी विझत चाललेला दिवा सासरी तेवतो आहे. त्याने माहेरचा अंधार कमी होत नाही.

महाभारतातल्या वनपर्वात एक कथा येते. इक्ष्वाकू कुळातला परिक्षित नावाचा राजा (पांडवांचा नातू तो हा नव्हे) शिकारीत भटकताना एका कन्येवर भाळतो. ती एकच अट घालते: मला पाणी दाखवायचे नाही. राजा वचन देतो, नगरात तिच्यासह राहतो. प्रधान पाणी नसलेले उपवन रचतो, पण त्यातच एक वापी आडोशाला लपलेली असते. एके दिवशी श्रमलेला राजा तिच्यासह त्या वापीशी येतो, तिला पाण्यात उतर म्हणतो. ती उतरते आणि पुन्हा वर येत नाही. राजा वापी उपसायला लावतो. तळाशी, एका बिळाच्या तोंडाशी, फक्त एक बेडूक. बेडकांनीच माझी प्रिया खाल्ली असे मानून तो राज्यातले बेडूक मारण्याची आज्ञा देतो, आणि बेडूक मरू लागतात. तेव्हा त्यांचा राजा आयू तापसाचा वेश घेऊन येतो आणि विनवतो: राजा, राग आवर, या निरपराधांना मारू नकोस, ती माझी मुलगी सुशोभना. पुढे कथा वेगळीकडे जाते. मी थांबते ती त्या उपसलेल्या वापीच्या काठावर. आपले सौख्य हरवले की त्याचा दोष आपण पाण्यात राहणाऱ्या मुक्या जिवांवर ठेवतो, आणि ज्याला मारतो आहोत तो आपलाच सोयरा आहे हे आपल्याला फार उशिरा, कुणी अनोळखी दारात येऊन उभा राहिला तर, कळते. महाभारतकारांनी बेडकांना एक बोलणारा राजा दिला. सिडनीच्या खाणीत तसा कुणी नव्हता. होती ती ओल्या मातीत गुडघे टेकून, विजेरीच्या उजेडात बेडूक मोजणारी माणसे, आणि त्यांच्या वह्या. कधीकधी तापसाचा वेश हाच असतो.

खाण वाचली, पण त्याने काम संपले नाही, सुरू झाले. आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे न संपणारे काम. खाणीचा एक भाग पाण्याच्या साठ्यासाठी ठेवला गेला: क्रीडागारांचे आणि शेजारच्या वस्तीचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचे, त्या योजनेचे पाणी तिथे साठते. आसपास बेडकांसाठी नवी तळी खोदली. रस्त्यांच्या कडेला ते गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून बुटकी कुंपणे घातली, रस्त्याखालून त्यांना जायला बोगदे ठेवले. या माणसांच्या हातांना एक अवघड गोष्ट शिकावी लागली. हा बेडूक अस्पर्श अरण्याचा रहिवासी नाही. त्याला उन्हाची, ताज्या, जरा अस्ताव्यस्त पाण्याची जागा लागते. पूर्वी नदीचा पूर ते काम करी: जुनी डबकी पुसून टाकी, नवी उघडी करी. आता नद्या काठांत बांधल्या गेल्या, आणि पुराचे काम खाणकामगारांच्या फावड्यांनी नकळत केले. म्हणूनच सिडनीतले उरलेसुरले बेडूक कारखान्यांच्या आवारांत, गाळाच्या ढिगांपाशी, उपेक्षित ओढ्यांत सापडत राहिले. त्यांना सांभाळायचे तर तळे सुंदर करून सोडून द्यायचे नसते. अधूनमधून ते उपसून कोरडे करावे लागते, म्हणजे शिरलेले मासे मरतात, आणि मग पुन्हा भरू द्यायचे, गवत काढायचे, काठ मोकळा करायचा. तो राजा वापी उपसत होता रागाने. ही माणसे तेच करतात मायेने. कृती एकच, आणि दोहोंत केवढे अंतर!

जतन हा शब्द मी आजवर बंद पेटीच्या अर्थाने वापरत आले: तांब्याच्या डब्यात केशर, रुमालात पोथी. तिथे मला कळले की काही गोष्टी जतन होतात त्या सतत मोडून पुन्हा मांडल्याने, जशी आमच्याकडे दर सणाला भुई सारवून नवी केली जाई. शेण-मातीची ती भुई शंभर वर्षांची होती आणि कधीच पंधरा दिवसांपेक्षा जुनी नव्हती. यात दमणूक आहे. निधी आटतो, माणसे बदलतात, एखादा पावसाळा दगा देतो. रेघ एकदा हलवणे ही शौर्याची गोष्ट आहे, तिची छायाचित्रे निघतात; पुढल्या तीस वर्षांत दर हंगामाला गढूळ पाण्यात उतरणाऱ्याचे छायाचित्र कुणी काढत नाही. पण मला विचाराल तर बेडूक त्या दुसऱ्या माणसामुळे जगतो.

आणि आता पुन्हा वीट. बुरशीला थंडी मानवते; हिवाळ्यात बेडूक अधिक मरतात. तिला ऊब सोसत नाही. तिशीच्या आसपास पारा गेला की तिचा जोर ओसरतो. हे धरून सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या अँथनी वॉडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, जो 2024 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बांधकामाच्या साध्या, आरपार भोके असलेल्या विटा त्यांनी काळ्या रंगवल्या, एकमेकींवर रचल्या, आणि वर लहानसे पारदर्शक छप्पर, एखाद्या चिमुकल्या हरितगृहासारखे, उभे केले. उन्हाने विटा तापल्या. बेडूक स्वतःहून येऊन त्या भोकांत बसले, कारण मघाशी पाहिलेच, ऊन त्यांना हवेच असते. ऊब घेता घेता त्यांच्या अंगातली बुरशी ओसरली. आणि जे असे बरे झाले त्यांच्यात पुढच्या संसर्गाला तोंड देण्याचे बळही आले. हा प्रयोग आखलेल्या कुंडांत झाला, मोकळ्या तळ्यांचा कस अजून लागायचा आहे, हे विसरून चालणार नाही. तरी ते चित्र माझ्या मनातून हलत नाही: विटेच्या भोकात, ओळीने, पाय दुमडून बसलेले ते सोनेरी जीव. ज्या विटांसाठी त्यांच्या मुलखाचे पोट उपसले गेले, त्याच जातीची वीट आता त्यांचे अंग शेकते आहे.

मराठी माणसाला वीट म्हटल्यावर पंढरपूर आठवल्याशिवाय राहत नाही. आईवडिलांची सेवा करण्यात गुंतलेल्या पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवाकडे वीट भिरकावली आणि जरा थांब म्हटले. आणि देव थांबला. केवढी विलक्षण कल्पना आहे ही, की वीट ही घराचा भाग होण्याआधी थांबण्याची जागा असते. हाती घेतलेले काम माणसाने पुरे करावे, आणि तोवर ज्याला सारे त्रिभुवन मोकळे आहे त्याने कमरेवर हात ठेवून वाट पाहावी. आषाढीला वारी वाटेवर असते तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेतांतून बेडकांचा आवाज टाळांत मिसळतो. लहानपणी दिंडी पाहायला गेले असताना मला तो वेगळा काढता येत नसे. सिडनीच्या खाणीवरून फिरताना मला वाटले, त्या शहराने एका जिवापुढे वीट टाकली आणि स्वतःलाच म्हटले, जरा थांब.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचीच्या परसात बसले होते. मागची भिंत दुरुस्त करताना उरलेल्या दहाबारा भोकांच्या विटा कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या, दिवसभराच्या उन्हात. 'मावशी, कपडे खराब होतील,' भाची आतून म्हणाली, तोवर मी खाली बसले होते. आकाश पश्चिमेला अजून केशरी होते. मुलाने फोनवर त्या बेडकाची हाक शोधून लावली: आधी एक लांब, घुमत जाणारा गुरगुराट, दूरवर कुणी मोटारसायकल चालू करून गिअर बदलत न्यावी तसा, आणि मग आखूड, तुटक हुंकार. माझ्या गावच्या बेडकांशी त्या आवाजाचे काहीच साम्य नव्हते. तो थांबून थांबून पुन्हा पुन्हा लावत राहिला. मी सर्वांत वरच्या विटेच्या एका भोकात बोट घातले. बाहेरचा वारा गार झाला होता. आत मात्र दिवसाची ऊब अजून तशीच होती.